घरातल्या सगळ्यांना पुढपर्यंत चालत जाता येणारी बोट

बोट बघायला गेलात की विकणारा आधी केबिन दाखवतो. गाद्या, सिंक, छोटा फ्रिज, गाणी लावायची सोय. तिथे फार वेळ घालवू नका. बाहेर या आणि कडेच्या वाटेने मागून थेट नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, चालत जाऊन परत या. दोन्ही पावलं सपाट पडतात का, एक हात सतत कठड्यावर राहतो का, केबिनच्या कोपऱ्यावर अंग तिरकं करावं लागतं का, एवढं बघा. कुटुंबासाठी बोट घेताना माझ्या लेखी हीच पहिली परीक्षा.

आमच्या बोटीवर येणारी माणसं म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांची आई, बाबा, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि मी. सुकाणू बहुतेक वेळा माझ्याकडे. आम्ही गोव्यात बेतीला राहतो, त्यामुळे मांडवी नदी रोजचीच. पण नदीतली फेरी वेगळी आणि आग्वादचं टोक ओलांडून समुद्राला लागणं वेगळं. त्यासाठी आम्ही घेतली ती साडेसात मीटर लांबीची वॉकअराउंड, मागे एकच यामाहा एफ 200 आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं पेट्रोल इंजिन.

वॉकअराउंड म्हणजे केबिन मधोमध आणि तिच्या दोन्ही बाजूंनी खोलगट वाट. ही वाट डेकच्या पातळीखाली दबलेली असते, म्हणून कठडा मांडीपर्यंत येतो. कडी केबिनच्या बोटीत (cuddy, म्हणजे पुढच्या डेकखाली बुटकी केबिन) पुढे जायचं तर समोरची काच उघडून पायरी चढावी लागते, नाहीतर कडेच्या वीतभर पट्टीवरून काचेला धरून सरकावं लागतं. सेंटर कन्सोलमध्ये, म्हणजे मधोमध सुकाणू असलेल्या उघड्या बोटीत, चालायला जागा मुबलक, पण आडोसा नाही. दुपारच्या उन्हात आईला तिथे कुठे बसवायचं? फ्रेंच धाटणीच्या व्हीलहाऊस बोटी, म्हणजे सुकाणू बंद केबिनच्या आत असलेल्या, मला आवडल्या होत्या. त्यांत बहुधा एका बाजूची वाट रुंद आणि दुसरीकडची अरुंद ठेवून केबिनला जागा काढतात. उत्तम युक्ती आहे, पण चहूबाजूंनी काच असलेली केबिन एप्रिलमध्ये तापते आणि धावत्या बोटीवर एसी चालवायचा तर त्याचा वेगळा संसार लागतो.

आमच्या बोटीतली वाट सर्वांत अरुंद ठिकाणी अठ्ठावीस सेंटीमीटर आहे. आई तिथून एक हात छताच्या दांडीवर आणि दुसरा कठड्यावर ठेवून जाते, पुढच्या बाकावर बसते. नांगर टाकताना नवरा आणि मुलगा दोघेही पुढे असतात, आणि मला सुकाणूवरून त्यांचे पाय दिसतात. ग्रांद बेटाच्या आडोशाला नांगर टाकताना बोट डुलत असते, साखळी धावत असते. त्या वेळी पुढे गेलेल्या माणसाच्या पायाखाली भक्कम जमीन हवी.

याची किंमत केबिन मोजते. दोन्ही बाजूंना वाट दिली की आतली रुंदी जाते. आमच्याकडे व्ही आकाराच्या बिछान्यावर दोन मोठी माणसं आणि फार तर एक मूल झोपेल. टॉयलेट आहे, दार लावता येतं, पण उभं राहता येत नाही. मला चालतं. टॉयलेट नसती तर मात्र मी ही बोट घेतली नसती. घरच्या बायकांना घेऊन चार तास समुद्रावर जायचं तर ती चैन नव्हे, गरज आहे.

बाबा आयुष्यभर मांडवीवर खनिजाच्या बार्जवर सारंग, म्हणजे बार्ज चालवणारे, होते. त्यांचा बोट बघायचा रिवाज वेगळा. "बाय, रंग बघू नकोस, क्लीट बघ," म्हणाले आणि नांगराच्या खणात खांद्यापर्यंत हात घातला. दोर बांधायच्या क्लीटखाली, फायबरच्या आतल्या बाजूला जाड धातूची पट्टी आहे का, ते बोटांनी चाचपत होते. एका बोटीत नुसते वॉशर निघाले. जोराचा ताण आला की ताकद पट्टीभर पसरण्याऐवजी त्या चार भोकांवर येते आणि फायबर चिरतं. ती बोट दिसायला देखणी होती, पण बाबांनी तिच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

इंजिनावरून मात्र आमचं घरात जुंपलं. बाबा डिझेलवाले, आणि त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. मालिमच्या जेटीवर सगळा कारभार डिझेलचा. आम्हाला पेट्रोल पंपावरून कॅनमधून आणावं लागतं. दुसरा मुद्दा इथेनॉलचा. यामाहा आणि मर्क्युरी त्यांच्या इंजिनांना दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल असं सांगतात, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. खाऱ्या, दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्महिने पडून राहिली की पाणी तळाशी वेगळं होतं आणि तेच इंजिनात जातं. म्हणून आम्ही दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला आहे, त्याची वाटी दर खेपेला बघते, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करतो. हे सगळं करायची तयारी नसेल तर आउटबोर्डच्या वाटेला जाऊ नये, असं मी मनापासून सांगेन.

तरीही मी आउटबोर्डच घेतलं, कारण ते पाण्याबाहेर उचलता येतं. खाडीच्या पाण्यात उभ्या बोटीच्या पंख्यावर आणि शाफ्टवर बघता बघता शिंपल्यांचा थर चढतो. उचललेलं इंजिन त्यातून वाचतं. आणि आपल्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात. पंख्यात जाळं अडकलं तर इंजिन बंद करून, उचलून, मागच्या पायरीवरून सुरीने कापता येतं. इनबोर्ड असतं तर कुणाला तरी बोटीखाली बुडी मारावी लागली असती. बाबांना हा मुद्दा पटला. शिवाय डेकखाली इंजिन नाही म्हणजे मागची सगळी जागा मोकळी. एफ 200 चार सिलिंडरचं, 2.8 लिटरचं आणि सव्वादोनशे किलोच्या आसपास आहे. मागचा भाग दबत नाही. दोन इंजिनं घ्यावीत असं अनेकांनी सुचवलं. आम्ही एकच मोठं आणि सोबत आठ हॉर्सपॉवरचं छोटं, घरी आणण्यापुरतं, असं केलं.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. वीस नॉटला (तासाला वीस सागरी मैल) आमची बोट तासाला साधारण 35 लिटर पिते, पूर्ण जोर दिला तर त्याच्या दुप्पट. आग्वादहून मालवण 40 सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे जायलाच सत्तरेक लिटर, यायला तितकंच, आणि तेवढंच राखीव. 250 लिटरची टाकी त्यामुळे पुरते. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पाण्याखाली खडक आहेत. तिथला माहीतगार माणूस घेतल्याशिवाय आत शिरू नका. वेंगुर्ला जवळचं आणि एका दिवसाच्या सहलीला बरं.

आता समुद्राबद्दल. हिवाळ्यात पहाटे मतलई वारे जमिनीकडून येतात आणि समुद्र तळ्यासारखा असतो. दुपारनंतर खारे वारे वायव्येकडून चढतात. त्याच वेळी मांडवीची ओहोटी बाहेर पडत असेल तर आग्वादच्या बारवर, म्हणजे नदीच्या मुखाशी पाण्याखाली असलेल्या वाळूच्या उंचवट्यावर, वारा आणि प्रवाह समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. जूनपासून तर हा बार इतका खवळतो की पावसाळ्यात बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत उतरून मुरगावला जायच्या. युरोपीय वर्गीकरणात सी गटाची बोट सहा बोफर्टपर्यंतचा (बोफर्ट ही वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटांसाठी असते, बी गटाची आठ बोफर्ट आणि चार मीटरसाठी. आमची सी गटातली आहे. हवामान बघून निघणाऱ्या घराला ती पुरते, पण त्या बारवर तिची नाळ किती उंच आणि तळ किती व्ही आकाराचा, ते प्रत्येक लाटेला कळतं. आमची सात-आठ नॉटला आणली तर आदळत नाही, पण उजव्या बाजूने तुषार सरळ सुकाणूवर येतात. काचेची कड अजून वीतभर मागे यायला हवी होती. ताडपत्रीच्या शिवणीतून पाणी झिरपतं, ती पुन्हा शिवून घ्यावी लागली. गाद्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, त्या घरी आणून ठेवतो.

नोंदणी आणि सर्वेक्षण पणजीच्या बंदर कप्तान खात्यात होतं; जुनी बोट घेणार असाल तर कागद आधी तिथे दाखवून घ्या. आणि चाचणीची फेरी. विकणारा सकाळी आठची वेळ देईल. तुम्ही जानेवारी-फेब्रुवारीत, दुपारी ओहोटी असेल अशा दिवशी, तीनची मागा, घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस लाइफ जॅकेट घालून सोबत न्या, आणि बारपर्यंत जाऊन परत या. तो नको म्हणाला तर दुसरी बोट बघा.