यानिसच्या नावाचे स्वस्तातले बूट: वाढत्या पोरांसाठी बिनधास्त घ्या

आमच्या नाशिकच्या बास्केटबॉल कोर्टवर सकाळी पोरं येतात, त्यांचे आईबाप मला दोनच गोष्टी विचारतात. एक म्हणजे ताई बूट कुठले घेऊ, आणि दुसरी जरा बाजूला घेऊन, पोरगं ऐकत नाहीये ना बघत, की ह्यात पुढे काही आहे का हो. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते, कारण मी ज्या बुटांबद्दल लिहितेय त्या बुटांवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडे बघितलं की दुसऱ्या प्रश्नाचंही बरंच उत्तर मिळतं.

बूट म्हणजे नाइकीचे यानिस इमॉर्टॅलिटी. माझा भाचा तिसरं व्हर्जन घालतो, रोज सिमेंटच्या कोर्टवर, आणि शाळेच्या मॅचेसना लाकडी फ्लोअरवर. आधी किमतीचं सांगते. ग्रीसचा बास्केटबॉल खेळाडू यानिस अँटेटोकुंपो, त्याच्या नावाची पहिली मोठी जोडी, झूम फ्रीक, २०१९ ला आली तेव्हा अमेरिकेत १२० डॉलरची होती. मग २०२१ ला हे इमॉर्टॅलिटी आले ८० डॉलरला, म्हणजे त्याच खेळाडूचं नाव पण साध्या घरातल्या पोराला झेपेल अशी जोडी. आपल्याकडे व्हर्जन आणि सेलप्रमाणे किंमत हलते, पण झूम फ्रीकसारख्या मोठ्या जोडीपेक्षा बरीच खाली असते. महाग जोडीत टाचेखाली किंवा पंजाखाली हवेची गादी असते ती ह्यात नाही, नुसता फोम आहे. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं, अगदी मनापासून सांगते. त्या वयात पाय अजून वाढत असतो, तिथे पंधरा हजाराची जोडी घेऊन काय करणार, ती झिजायच्या आत छोटी होते.

आता हा स्वस्तातला बूट मला एवढा का आवडतो ते सांगते. यानिसचा जन्म १९९४ चा, अथेन्समधल्या सेपोलिया वस्तीतला. आईवडील व्हेरॉनिका आणि चार्ल्स नायजेरियातून आलेले, कागदपत्रं नाहीत, पक्कं काम नाही, भाडं थकलं की घर बदलायचं. पोरगं ग्रीसमध्येच जन्मलं पण ग्रीसचं नागरिकत्व नाही आणि नायजेरियाचेही कागद नाहीत, म्हणजे अठरा वर्षं हा मुलगा कुठल्याच देशाचा नव्हता. भावांबरोबर रस्त्यावर गॉगल, घड्याळं, पर्स विकायचा. स्पायरोस वेलिनियाटिस नावाच्या कोचने त्याला हेरलं आणि फिलाथ्लिटिकोस ह्या छोट्या क्लबात आणलं, तेव्हा तो बारा-तेरा वर्षांचा असेल, आणि बास्केटबॉल त्याला येतही नव्हतं, आवडही फुटबॉलची होती. तिथे तो आणि थोरला भाऊ थानासिस मिळून एकच बुटाची जोडी वापरायचे, एकाचा गेम झाला की बूट काढून दुसऱ्याला द्यायचे. अशा माणसाच्या नावाने फक्त महागडे बूट निघाले असते तर मला खरंच वाईट वाटलं असतं. पहिल्या झूम फ्रीकवर त्याने आईवडिलांची आणि भावांची नावं घेतली होती, मी माझ्या वडिलांचा वारसा आहे अशी ओळही होती. वडील त्याआधी दोनच वर्षं, २०१७ च्या सप्टेंबरमध्ये, हार्ट अटॅकने गेले होते.

बरं, बुटाकडे येते. पहिली चिंता सगळ्या आयांची, की हा बूट घोट्याच्या खालीच संपतो, पाय मुरगळेल. बघा, घोटा वाचतो तो बूट उंच आहे म्हणून नाही, टाच आत घट्ट बसलीय का आणि बुटाचा तळवा पुरेसा रुंद आहे का ह्यावर बरंच अवलंबून असतं, आणि त्याहून जास्त पोटऱ्या आणि घोट्याचे स्नायू किती तयार आहेत ह्यावर. एका पायावर उभं राहून बॉल पास करायची प्रॅक्टिस रोज करा, त्याने जे होतं ते उंच बुटाने होत नाही. ह्या जोडीत नाडी नीट ओढून बांधली की टाच वर सरकत नाही, हे मी स्वतः हात घालून चेक केलंय.

दुसरी गोष्ट कडेच्या आधाराची, आणि इथे यानिस कसा खेळतो ते माहीत असेल तर बूट लगेच कळतो. त्याचा हुकमी डाव म्हणजे युरोस्टेप. ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत पळणं, थांबवून पहिलं पाऊल एका बाजूला टाकायचं, डिफेंडर तिकडे झुकला की दुसरं पाऊल एकदम उलट्या बाजूला आणि लेअप, म्हणजे रिंगजवळून बॉल अलगद आत. त्या पहिल्या पावलाला अख्खं अंग पायाच्या कडेवर येतं, तिथे पाय बुटाच्या आत घसरला किंवा तळवा कलंडला तर संपलंच. हा माणूस जवळपास सात फूट उंच, त्याची ढांग एवढी मोठी की हाफ कोर्टपासून मोजून दोन-तीन ड्रिबलमध्ये रिंगपाशी. त्याच्या नावाच्या बुटात कडेची पकड नसती तर काय उपयोग होता. भाचा हल्ली सारखा युरोस्टेपच मारतो (अर्ध्या वेळा ट्रॅव्हलिंग होतं, म्हणजे बॉल हातात धरून पावलं जास्त पडतात, पण होईल हळूहळू), आणि बूट त्याला जागेवर धरून ठेवतो.

सिमेंटचं मात्र आधीच सांगते. बास्केटबॉलचे बूट मुळात लाकडी फ्लोअरसाठी असतात, रबर मऊ असतं, त्यामुळे कुठल्याही कंपनीची जोडी असली तरी आपल्या खरबरीत सिमेंटवर ती लवकर घासते, ह्यात ह्या बुटाचा वेगळा दोष काही नाही. रस्त्यावर, ट्यूशनला, लग्नाला हे बूट घालू देऊ नका, बास्केटबॉलचे बूट पिशवीतून कोर्टवर न्यायचे आणि तिथेच घालायचे. आणि धूळ. आपल्याकडे उन्हाळ्यात कोर्टवर एवढी धूळ असते की जगातली कुठलीही ग्रिप घसरणार, म्हणून एक ओलं फडकं बेंचवर ठेवा, दर ब्रेकला तळवे पुसा. पावसाळ्यात भिजले तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, उन्हात टाकले की डिंक सुटतो.

आता तो दुसरा प्रश्न, पुढे काही आहे का.

यानिसचं करिअर मी पोरांना सांगते ते त्याच्या ट्रॉफ्यांसाठी नाही, सुरुवातीसाठी. २०१२-१३ मध्ये तो ग्रीसच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, पहिल्याही नाही, छोट्याशा जिममध्ये. स्पेनच्या झारागोझा क्लबने करार केला होता, तिथे जायच्या आधीच एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या बास्केटबॉल लीगचे, खेळाडू हेरणारे स्काउट त्या जिममध्ये यायला लागले. मे २०१३ मध्ये नागरिकत्व मिळालं, जूनमध्ये ड्राफ्ट, म्हणजे एनबीएच्या टीम पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात ते, आणि मिलवॉकी बक्स ह्या टीमने त्याला १५ व्या नंबरवर घेतलं. म्हणजे चौदा पोरं त्याच्याआधी निवडली गेली. पहिल्या सीझनला सरासरी ६.८ पॉइंट्स, फक्त. त्या वर्षीचा एक किस्सा पोरांना फार आवडतो, एकदा त्याने जवळचे सगळे पैसे घरी पाठवून दिले आणि मग टॅक्सीलाच पैसे उरले नाहीत, तर मिलवॉकीच्या थंडीत तो मॅचसाठी स्टेडियमकडे पळत निघाला आणि एका जोडप्याने ओळखून गाडीतून सोडलं.

त्यानंतर दरवर्षी थोडा थोडा चांगला. ६.८ चे पुढच्या वर्षी १२.७, मग १६.९, मग २२.९, आणि २०१७ ला सगळ्यात जास्त सुधारलेल्या खेळाडूचं बक्षीस. २०१९ आणि २०२० ला लागोपाठ एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, २०२० ला सोबत बेस्ट डिफेंडरसुद्धा, एकाच सीझनला हे दोन्ही मिळवणारे त्याच्याआधी फक्त मायकल जॉर्डन आणि हकीम ओलाजुवोन. आणि तरीही फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर कुणी अडवत नसताना मिळणारा शॉट, त्याला जमत नव्हते! २०२१ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्यांत, समोरच्या टीमचे प्रेक्षक तो फ्री थ्रोला उभा राहिला की मोठ्याने एक दोन तीन मोजायचे, कारण तो फार वेळ घ्यायचा. त्याच प्लेऑफमध्ये अटलांटाविरुद्ध गुडघा असा उलटा वाकला की सीझन संपला असंच सगळ्यांना वाटलं. आणि मग २० जुलै २०२१, फायनलची सहावी मॅच, ५० पॉइंट्स, १४ रिबाउंड, ५ ब्लॉक, आणि फ्री थ्रो १९ पैकी १७. मिलवॉकीला ५० वर्षांनी टायटल. मी ते १७ फ्री थ्रो पोरांना एकामागून एक दाखवते. बाकी डंक वगैरे ते स्वतःच बघतात.

आणि ज्या मुलाला पासपोर्ट मिळत नव्हता त्यानेच २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनात ग्रीसचा झेंडा धरला. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

पण मी पालकांना खोटं स्वप्न विकणार नाही. आपल्या देशातून एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्यांदा निवडला गेला तो पंजाबचा सतनाम सिंग, २०१५ ला, डॅलसच्या टीमने ५२ व्या नंबरवर घेतला, सात फुटाच्या वर उंची, आणि तरी एनबीएची एकही मॅच त्याला खेळायला मिळाली नाही. आपल्याकडचा रस्ता वेगळा आहे आणि तो जुना आहे. मुंबईच्या नागपाड्यातून अब्बास मुंतसिर आले, रेल्वेकडून खेळले, १९७० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याची शिरीन लिमये भारताची कॅप्टन झाली. शाळा, जिल्हा, राज्य, नॅशनल्स, मग रेल्वे, पोलीस, आर्मी किंवा ओएनजीसीसारख्या ठिकाणी स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, हा आपला खरा मार्ग, आणि त्यात कमीपणा काही नाही. पगार आहे, प्रॅक्टिसला वेळ आहे, टीम आहे. कॉलेज अ‍ॅडमिशनला कोटा आहे तो वेगळा. म्हणून नॅशनल्सची सर्टिफिकेटं जपून ठेवा, लॅमिनेशन करू नका, व्हेरिफिकेशनला मूळ कागद नीट दिसावा लागतो. आणि दहावी आली की पोराला कोर्टवरून काढू नका एवढं हात जोडून सांगते, उंची आणि ताकद बऱ्याच मुलांची त्यानंतर येते. यानिस स्वतः ड्राफ्टनंतरही दोन-एक इंच वाढला! पंधराव्या वर्षी कोण काय होणार हे मला कळत नाही आणि कुठल्या कोचलाही कळत नाही.

खरेदीचं शेवटचं. पाय रुंद असेल तर अर्धा नंबर वरचा घ्या, बास्केटबॉलचे जाड मोजे घालूनच ट्रायल घ्या, आणि संध्याकाळी घ्या कारण तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, त्याहून जास्त नको, दोन वर्षं पुरेल म्हणून दोन नंबर मोठे घेतले की पाय आत घसरतो आणि मग खरंच मुरगळतो. ऑनलाइन घ्यायचे तर कंपनीच्या साइटवरून किंवा ओळखीच्या मोठ्या दुकानातून. आमच्या कोर्टवरच्या एका मुलीला सोशल मीडियावरच्या कुठल्यातरी पेजने निम्म्या किमतीत डुप्लिकेट पाठवले होते, महिनाभरात तळवा सुटला आणि पेजही गायब झालं. मागचं व्हर्जन चालत असेल तर नवीन निघालं की जुन्यावर चांगली सूट मिळते, माझ्या भाच्याचे तसेच घेतले. लहान झाले की कपाटात ठेवू नका, कोर्टवर घेऊन या, खालच्या बॅचमधल्या कुणाला ना कुणाला ते नक्की बसतात.