गोळी, सुई की ऑपरेशन? सुरकुत्यांपलीकडच्या बोटॉक्सचा आढावा

न्यूरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर बोटॉक्स लिहिलं की घरचे आधी एकमेकांकडे बघतात. “ताई, हे नट्या घेतात तेच ना?” हा प्रश्न मला नाशिकमध्ये इतक्यांदा ऐकावा लागतो की आता हसूही येत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन मी देत नाही, पण ते दिल्यानंतरचे तीन महिने पेशंट माझ्याकडे असतो. त्यामुळे कुणाला उपयोग झाला आणि कुणाचे पैसे पाण्यात गेले, ते जवळून दिसतं.

हो, तेच औषध. मात्र सुरकुत्या नंतर आल्या. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरून पाहिलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या विकारासाठी. कपाळावरच्या आठ्यांचा नंबर लागला २००२ मध्ये. नसेकडून स्नायूला आवळण्याचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून जातो. हे औषध ते रसायन नसेच्या टोकातून बाहेरच पडू देत नाही. स्नायू सैल पडतो. तीन-चार महिन्यांत नस पुन्हा जोडणी करते आणि गाडी मूळपदावर येते. म्हणजे रोग जात नाही, मुदत मिळते. ती मुदत कशाला वापरायची हे ठरलं नसेल तर सुई घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्यात जास्त विचारणा अर्धांगवायूनंतरच्या ताठरपणाची. इथे स्वस्त पर्याय म्हणजे बॅक्लोफेन किंवा टिझॅनिडिनच्या गोळ्या. हात-पाय-कंबर सगळंच कडक असेल तर गोळीच बरी. पण गोळीला फक्त आवळलेली मूठ ओळखता येत नाही, ती चांगल्या बाजूलाही ढिलं करते. आजोबा दिवसभर पेंगतात, उठताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात, औषध लागू पडलं, शांत झोपतात! (बॅक्लोफेन एकदम बंद मात्र करू नका, त्याने झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची गोळी आहे ती.)

इंजेक्शन नेमक्या स्नायूत जातं. सिन्नरकडच्या एका आजोबांचा हात आठवतो. अंगठा आत, त्यावर चार बोटं घट्ट, नखं तळव्यात रुतलेली, आतली कातडी घामाने पांढरी पडून वास येत होता. सून रोज कापसाचा बोळा आत सरकवायचा प्रयत्न करायची आणि आजोबा ओरडायचे. बोटं मिटणाऱ्या स्नायूंत सुई दिल्यावर दोन आठवड्यांत मूठ उघडायला लागली. तळहात धुता आला, नखं कापता आली, रात्री स्प्लिंट (बोटं सरळ धरून ठेवणारा आधार) चढू लागला. त्या हाताने आजोबांनी भाकरी मोडली का? नाही. तो मोडणारही नव्हता. हात चालू होईल या आशेने पैसे भरणाऱ्यांना मी हे आधीच सांगते, कारण सुई ताठरपणा काढते, गेलेली ताकद आणत नाही. उलट पाय कडक असल्यामुळेच जो माणूस त्यावर उभा राहतो, त्याचा पाय सैल केला तर तो खाली बसायचा.

सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या मुलांत चित्र वेगळं. मूल चवड्यावर चालतं, पण टाच हाताने खाली आणता येते, अशा वेळी पोटरीत इंजेक्शन आणि त्यानंतर प्लास्टर किंवा स्प्लिंट, रोजचं ताणणं, यातून चाल सुधारायला खरोखर वाव असतो. टाच हाताने ढकलूनही खाली येत नसेल तर स्नायू आखूड झालाय. तिथे सुईचा उपयोग नाही, ऑर्थोपेडिक सर्जनकडे जा. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि पैसे भरण्याआधी व्हायलाच हवी.

चेहऱ्याचं गणित याच्या उलट आहे. उजवा फडफडला की डावा, यावरून शुभ-अशुभ काढणारे आपण. जागरणाने पापणी चार दिवस उडते, तिला काही लागत नाही. पण डोळ्यापासून सुरू होऊन अर्धा चेहरा झटके देऊ लागला, झोपेतही थांबेना, तर बहुतेकदा मेंदूजवळ चेहऱ्याच्या नसेवर एखादी रक्तवाहिनी टेकलेली असते. गोळ्यांचा (कार्बामाझेपिन, क्लोनाझेपाम) असर इथे जेमतेम, गुंगी भरपूर. इंजेक्शन मात्र छान लागू पडतं आणि डोसही लहान. कधी पापणी खाली उतरते किंवा डोळा कोरडा पडतो, काही आठवड्यांत सुधारतं. तिसरा पर्याय रक्तवाहिनी आणि नस यांत गादी ठेवण्याचं ऑपरेशन. हा एकच मार्ग मूळ कारणाला हात घालतो, पण कवटी उघडावी लागते आणि त्या बाजूचं ऐकू येणं जाण्याचा धोका असतो. चाळिशीतला तब्येतीने ठणठणीत माणूस असेल तर त्याने एकदा न्यूरोसर्जनचं मत घ्यावं. सत्तरीतल्या मधुमेही आजींना मी सुईच सांगेन.

मान एका बाजूला ओढली जाणाऱ्या विकारात तर फार तुलना करायला नको. इंजेक्शन पहिलं, गोळ्या जोडीला. काही दिवस घास गिळायला जड जाऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा.

अर्धशिशीत घाई नको. महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतं, आणि हे तीन महिन्यांहून अधिक चाललंय, अशांसाठीच ही सुई आहे. कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे मिळून ३१ ठिकाणी, १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. महिन्यातून चारदा दुखणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. आधी प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशा रोजच्या गोळ्या नीट, पुरेसे आठवडे घेऊन बघायच्या. त्या स्वस्त आहेत, पण दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, अ‍ॅमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं आणि झोप येते, टोपिरामेटने बोलताना शब्द सापडेनासे होतात, गरोदरपणात ती नकोच. आणि मेडिकलमधून रोज उचललेल्या डोकेदुखीच्या गोळीनेच डोकं दुखत नाही ना, हेही बघा. ते प्रकरण फार दिसतं.

लघवीच्या घाईने नाशिक-मुंबई प्रवासात पाण्याचा घोट न घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत. इथेही आधी व्यायाम आणि गोळ्या, त्या चालल्या नाहीत तर दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत १०० युनिट. असर बराच काळ टिकतो. अट एकच: काहींची लघवी पूर्ण होत नाही आणि काही काळ स्वतः नळी घालावी लागते. त्याची मनाची तयारी नसेल तर गोळीच बदलून बघा.

घामाचं थोडक्यात. काखेत आधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं लोशन, मग सुई, जी सहा महिने सहज पुरते. तळव्यात मात्र इंजेक्शन चांगलंच दुखतं आणि पकड कमी होऊ शकते. सातपूरला लेथवर काम करणाऱ्याने किंवा निफाडला द्राक्षाच्या विरळणीत दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईने हे आधी विचारात घ्यावं.

मग नाशिकला की मुंबईला? निदानच धड नसेल, मान किंवा लिहिताना वळणारा हात असेल, तर पहिल्यांदा केईएम, नायरसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागात दाखवून यावं. सरळसोट केस असेल तर लकव्याच्या माणसाला घेऊन वर्षातून चारदा कसारा घाट उतरण्यात अर्थ नाही. इथल्या डॉक्टरांना एवढंच विचारा की या कामासाठी तुम्ही किती वेळा दिलंय, आणि खोलवरच्या स्नायूत सुई सोनोग्राफी किंवा ईएमजीवर (स्नायूतले विजेचे संकेत दाखवणारं यंत्र) बघून देणार का.

खर्च युनिटवर ठरतो. चेहऱ्याला थोडकी पुरतात, लकव्याच्या हाताला ४०० पर्यंत लागू शकतात. म्हणून ‘एका इंजेक्शनचे किती’ असं विचारू नका, युनिट किती आणि ब्रँड कोणता ते विचारा. बोटॉक्स आणि डिस्पोर्ट (याच प्रकारच्या औषधाचा दुसरा ब्रँड) यांची युनिटं एकास एक नसतात, त्यामुळे जास्त आकडा म्हणजे जास्त औषध असं नाही. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा. ती २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी, आणि एकदा सलाईनमध्ये विरघळवली की २४ तासांत वापरायची असते. उरलेलं पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. मेडिक्लेम असेल तर ओपीडीतलं इंजेक्शन त्यात बसतं का, ते कंपनीकडून आधी लेखी घ्या.

मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार) असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतंच जेंटामायसिन, अमिकासिनसारखं अँटिबायोटिक झालं असेल तर टेबलावर झोपायच्या आधी सांगा. घेतल्यानंतर गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि पहिल्या आठवड्यातच फिजिओची वेळ घेऊन ठेवा. सुईनंतर महिनाभराने येणारे पेशंट सैल स्नायूचा सगळ्यात चांगला काळ घरी बसून घालवून आलेले असतात.