पुरुष वंध्यत्वावरील वनौषधी: जळगावच्या एका काष्ठौषधी दुकानाचा अनुभव

जळगावच्या जुन्या बाजारपेठेतील ज्या काष्ठौषधी दुकानातून मी अश्वगंधा, कवचबीज, सफेद मुसळी आणि गोखरू घेतले, ते दुकान मूल होत नसलेल्या कोणत्याही जोडप्याला मी निःशंकपणे सुचवेन. त्याला तिथल्या मालाचा दर्जा जितका कारणीभूत आहे, तितकाच गल्ल्यावर बसणाऱ्या आबांचा एक नियमही आहे. वीर्य तपासणीचा अहवाल पाहिल्याशिवाय ते या कारणासाठी काहीही तोलून देत नाहीत. "भाऊ, आधी तपासणी करून या, पुडी कुठे पळून जात नाही," एवढेच ते म्हणतात, आणि अहवालात शुक्राणू शून्य असतील तर पुडी न बांधता गिऱ्हाइकाला थेट मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवतात.

हा नियम किती मोलाचा आहे, हे आपल्या भागातल्या घराघरांत पाहिले म्हणजे कळते. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन पाळणा हलला नाही की सुनेच्या तपासण्या, उपासतापास आणि नवस सुरू होतात. मुलाची तपासणी मात्र, करायचीच झाली तर, सगळ्यात शेवटी होते. वास्तविक मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो आणि ही तपासणी सगळ्यांत स्वस्त व सोपी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या निकषांनुसार एका मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू आणि एकूण ४२ टक्के हालचाल ही खालची मर्यादा धरतात. मात्र एकाच माणसाचे आकडे दर वेळी बदलतात, म्हणून काही आठवड्यांनी दुसरा अहवाल घ्यावा लागतो. वृषणाच्या शिरा फुगल्या असतील, शुक्राणूंच्या मार्गात अडथळा असेल किंवा संप्रेरकांचे बिघडले असेल, तर कोणतेही मूळ उगाळून तो दोष जाणार नाही, आणि मधल्या काळात पत्नीचे वय वाढत राहते.

आता मालाविषयी. अश्वगंधा इथे अखंड मुळ्यांच्या रूपात मिळते. आबा एक मूळ हातात देऊन मोडायला सांगतात. चांगले मूळ कट्कन मोडते, आत पांढरेशुभ्र आणि पिठूळ असते, आणि त्याला तो ओळखीचा उग्र वास येतो. बारीक, तंतुमय, वाकवली तरी न मोडणारी मुळे ते वेगळी काढतात. या चारही वनस्पतींमध्ये सर्वांत भक्कम म्हणावा असा पुरावा अश्वगंधेचाच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शुक्राणू कमी असलेल्या ४६ पुरुषांपैकी काहींना मुळांचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम आणि उरलेल्यांना औषध नसलेल्या कॅप्सूल ९० दिवस दिल्या गेल्या. अर्क घेणाऱ्यांची शुक्राणूसंख्या मिलिलिटरमागे सरासरी ९६ लाखांवरून २.५६ कोटींवर गेली. हा फरक मोठा आहे, पण माणसे थोडी आहेत, आणि तो प्रमाणित अर्क होता, आपण घरी दुधात ढवळतो ते चूर्ण नव्हे, हे विसरून चालत नाही. थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा यकृताचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण तिच्यामुळे थायरॉइडची पातळी वाढल्याच्या आणि काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचे बी. शेंगेवरची कुसळे अंगाला लागली तर काय होते, हे सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. हे बी शोधन करूनच, म्हणजे दुधात शिजवून वरची साल काढून वापरायचे असते, आणि या दुकानात ते सोललेलेच मिळते. लखनौच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७५ वंध्य पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण दुधाबरोबर तीन महिने दिले, तेव्हा टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल वाढलेली आढळली; तुलनेसाठी मात्र निरोगी पुरुष घेतले होते, औषधाविना ठेवलेले रुग्ण नव्हते, त्यामुळे त्या निष्कर्षाला तेवढीच मर्यादा पडते. कंपवातावर औषध म्हणून दिले जाते ते एल-डोपा हे द्रव्य या बियांत नैसर्गिकरीत्या असते. म्हणून कंपवाताची औषधे चालू असणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

सफेद मुसळीबद्दल आपल्याकडे जिव्हाळा आहे, कारण ती सातपुड्यात वाढते. तोंडात धरल्यावर ती चिकट, किंचित गोडसर लागते. पण तिच्यावरचे काम बरेचसे उंदरांवरचे आहे, आणि चौघींत सर्वांत महाग असल्याने भेसळही तिच्यातच अधिक होते. सोलून वाळवलेली शतावरी मुसळीच्या नावाने सर्रास खपते. गोखरू म्हणजे आपल्या बांधावरचे सराटेच. माणसांवरच्या चाचण्यांतून त्याच्याबद्दल एकसारखे निष्कर्ष निघालेले नाहीत. पैसे जपून वापरायचे असतील तर ही दोन्ही सोडली तरी फारसे बिघडणार नाही, असे माझे मत आहे.

वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, असे मानणाऱ्यांना मी आपल्या कपाशीचेच उदाहरण देतो. सरकीतल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे शुक्राणूंची निर्मिती थांबते. चीनमध्ये कच्चे सरकी तेल खाणाऱ्या गावांत मुले होईनाशी झाली, त्यावरून हे लक्षात आले, आणि १९७० च्या दशकात तिथे पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून त्याच्या मोठ्या चाचण्याही झाल्या. काही पुरुषांची शुक्राणूनिर्मिती औषध थांबवल्यावरही पूर्ववत झाली नाही. रिफाइंड तेलात हे द्रव्य काढून टाकलेले असते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही.

याच काळात एका नातेवाइकाच्या आग्रहाने एका कंपनीचे तयार चूर्णही आणले होते, त्याविषयी मात्र मी चांगले लिहू शकत नाही. डब्यावर वीसहून अधिक वनस्पतींची नावे होती, पण कोणती किती, याचा उल्लेख नव्हता, आणि "पौरुषशक्ती" वाढवण्याचा दावा ठळक अक्षरांत होता. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी असे डबे उघडपणे विकले जातात. अशा चूर्णांत चोरून सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच्या गोळीतले औषध, मिसळल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत आढळले आहे. त्याने शुक्राणू वाढत नाहीत, आणि छातीत दुखते म्हणून नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याचा रक्तदाब एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकते. व्यायामशाळेत मिळणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मितीच बंद पाडतात. मूल हवे असलेल्या पुरुषाने ती घेऊ नयेत.

माझ्या पुढच्या अहवालात संख्या वाढलेली दिसली. मात्र त्याच काळात मी तंबाखू बंद केली होती आणि कपाशीवरची फवारणी तोंडाला फडके व अंगभर कपडे असल्याशिवाय करणे सोडले होते, त्यामुळे सगळे श्रेय अश्वगंधेच्या पदरात टाकणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शुक्राणू तयार होण्यास साधारण अडीच महिने लागतात, तेव्हा तीन महिन्यांच्या आत परिणाम तपासू नये, आणि त्यानंतरही आकडे हलले नाहीत तर आणखी पुड्या न आणता डॉक्टरांकडे जावे.

दुकानाच्या उणिवा दोन आहेत. सुट्या मालावर बॅच क्रमांक किंवा तारीख नसते, आणि दळण्याचे यंत्र सर्व वनस्पतींसाठी एकच आहे, त्यामुळे आधीच्या औषधाची भुकटी आपल्यात मिसळू शकते. म्हणून मुळे अखंडच घ्यावीत, घरी वाळवून खलबत्त्यात कुटावीत आणि वस्त्रगाळ करून घट्ट झाकणाच्या बरणीत थोडी थोडीच भरावीत. मुसळी घ्यायचीच असेल तर दिवाळीनंतर नवा माल येऊ लागतो, तेव्हा जावे.