किशोरांसाठी बाह्यरुग्ण उपचार, ठाणे-नवी मुंबई: आधी पालकांच्या तासाबद्दल विचारा

शाळा-क्लास चालू ठेवून, दाखल न होता घेता येणारे व्यसनाचे आणि मानसिक आजारांचे उपचार आपल्याकडे सरकारी ओपीडीत, महापालिकेच्या आणि मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयांत, स्वयंसेवी संस्थांत आणि खासगी दवाखान्यांत मिळतात. 13 ते 18 वयाच्या मुलांसाठी यांतलं काय घ्यावं, हे ठरवताना आमची पहिली कसोटी एकच आहे: आईवडिलांसाठी वेगळा तास आहे का? आठवड्याचे 168 तास. त्यांतला एखादा तास मूल समुपदेशकासमोर बसतं, बाकीचे घरात, क्लासात आणि बिल्डिंगच्या खाली जातात. किशोरांच्या व्यसनावर ज्या उपचारांचा सर्वांत चांगला अभ्यास झाला आहे, ते कुटुंबाला सोबत घेणारेच आहेत. पण बरीच ठिकाणं मुलाची सेशन्स विकतात आणि पालकांना शेवटच्या पाच मिनिटांत 'प्रगती आहे' एवढं सांगून वाटेला लावतात.

पहिल्या भेटीला तास-दीड तास लागायलाच हवा. थोडा वेळ सगळे एकत्र, मग मूल एकटं, मग पालक एकटे, मग पुन्हा एकत्र, असा क्रम योग्य. पूर्ण वेळ आई शेजारी बसली असेल, तर 'मित्रांनी एकदाच दिलं होतं' यापुढे मुलगा काही बोलणार नाही. गुपिताची मर्यादा सुरुवातीलाच तिघांसमोर सांगितली गेली पाहिजे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते लपवता येत नाही (पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे). बाकीचं खोलीतच राहतं. पालकांना 'सगळं सांगू' असं आश्वासन देणारा समुपदेशक दुसऱ्या भेटीपर्यंत मुलाचा विश्वास गमावतो. मुलाला 'काहीच सांगणार नाही' म्हणणारा तर पहिल्याच दिवशी खोटं बोलतो. 18 वर्षांखालील मुलाच्या उपचारांना संमती पालकांचीच लागते, पण मूल मनाने तयार नसेल तर कागदावरच्या सहीने काही होत नाही.

याच भेटीत व्यसनाच्या पलीकडचं तपासतात का, ते बघा. व्यसनाचा धोका ओळखायला 12 ते 21 वयासाठी क्राफ्ट नावाची छोटी प्रश्नावली आहे. तिच्या सहा मुख्य प्रश्नांपैकी दोन किंवा अधिक उत्तरं 'हो' आली, तर सविस्तर तपासणी करायची असते. सोबत नैराश्य, चिंता, झोप, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), अभ्यासातली अक्षमता आणि आत्महत्येचे विचार यांबद्दल थेट विचारलं गेलं पाहिजे. आठवीपासून लक्ष न लागणाऱ्या मुलाला अकरावीत गांजा 'शांत' करत असेल, तर नुसता गांजा सोडवून भागत नाही. तो परत गांजाकडे जातो आणि मग घरी त्याला इच्छाशक्ती नाही असं ठरतं.

लघवीच्या तपासणीवर जरा थांबायला हवं, कारण सर्वाधिक भांडणं तिथेच होतात. दुकानात मिळणारं पाच-सहा पदार्थांचं किट एमडी, म्हणजे मेफेड्रोन, खात्रीने पकडत नाही. 2015 पासून हा पदार्थ अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तरी नेहमीच्या पट्ट्यांवर त्याची रेघ नसते. व्हाइटनर-थिनर त्यावर दिसत नाही, वेपमधलं निकोटिनही दिसत नाही (त्याची कोटिनिनची चाचणी वेगळी). म्हणजे 'निगेटिव्ह' आलं, म्हणून पेढे वाटू नका. गांजाचं उलट आहे. एखाद्या वेळी ओढला तर साधारण तीन दिवस दिसतो, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतो. दोन आठवड्यांपूर्वी सोडलेल्या मुलाची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर तो खोटं बोलतोय असं नाही. नमुना खरा आहे का हे चांगलं केंद्र तापमानावरून (चार मिनिटांत 32 ते 38 अंश सेल्सिअस) आणि क्रिएटिनिनवरून (पाणी मिसळलं तर त्याचं प्रमाण घटतं) बघतं. पॉझिटिव्ह निकाल प्रयोगशाळेत पक्का करून घेतल्याशिवाय मुलावर आरोप करत नाही. घरी बाथरूमच्या दाराशी उभं राहून घेतलेल्या अचानक चाचण्यांनी हाती फारसं काही लागत नाही आणि विश्वास मात्र जातो.

आता पालकांचा तास. त्यात व्याख्यान नको, ठोस काम हवं. नियम तीनच ठरवायचे, लिहून काढायचे आणि मोडल्यावर काय होईल तेही आधीच ठरवायचं, म्हणजे रात्री अकराला रागाच्या भरात शिक्षा शोधायची वेळ येत नाही. खिशातला पैसा यूपीआयवरून जातो, त्यामुळे दर आठवड्याची रक्कम आणि हिशेब हा विषय याच तासात यावा. आजी गुपचूप हातात नोट ठेवत असेल, तर आजीलाही एकदा बोलवावं. चांगला समुपदेशक पालकांना दुसरंही शिकवतो: मूल वेळेवर घरी आलं तर ते बोलून दाखवायचं. रोज रात्री दप्तर तपासणाऱ्या घरात हे सर्वांत अवघड जातं.

नेहमीची अडचण म्हणजे वडील येत नाहीत. घोडबंदर रोडवरून नऊला घरी पोचणाऱ्या माणसाला बुधवारी चारची वेळ देऊन उपयोग नाही. शनिवारी संध्याकाळी, रविवारी किंवा ऑनलाइन वेळ देतात का, हे फोनवरच विचारून घ्या. दुसरी अडचण अशी की चार-पाच सेशन्सनंतर मूल बरं दिसायला लागतं, परीक्षा जवळ येते आणि पालक येणं थांबवतात. मग परीक्षा संपल्यावर किंवा एकतीस डिसेंबरला घसरण होते. मूल पुन्हा वळलं तर पहिल्या दिवशी कोणाला फोन करायचा आणि भेट किती दिवसांत मिळेल, हे सुरुवातीलाच लिहून देणाऱ्या केंद्राला आम्ही वरचे गुण देऊ. 'पुन्हा घेतलंस तर नाव काढू' म्हणणाऱ्या ठिकाणी मूल फक्त लपवायला शिकतं.

सगळ्यांना ओपीडी पुरत नाही, आणि हे तोंडावर सांगणारं केंद्र प्रामाणिक. रोज 'बटन', म्हणजे नायट्राझेपामसारख्या गोळ्या, घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. डोस हळूहळू उतरवावा लागतो. रोज दारू पिऊन सकाळी हात थरथरणारं मूल, ब्राऊन शुगर (हेरॉइन), भास होणं, नुकताच झालेला आत्महत्येचा प्रयत्न, या सगळ्यांत आधी रुग्णालय. अमेरिकेत ओपीडी आणि रुग्णालय यांच्यामध्ये 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट' नावाची एक पायरी असते: घरी राहून आठवड्याला किमान सहा तास उपचार. आपल्याकडे खासगीत हे नाव लावून आठवड्याला एक तास दिला जातो. पॅकेज घेताना तास मोजा.

औषधांबाबत थोडक्यात. किशोरांना नैराश्यासाठी फ्लुऑक्सेटिनसारखी गोळी दिली, तर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्येच तशी ठळक सूचना घातली आहे. महिन्याचं औषध हातात देऊन थेट पुढच्या महिन्याची तारीख दिली, तर आठवड्याची भेट मागून घ्या. झोपेसाठी बटनच्याच जातीची गोळी महिनोन् महिने लिहून देणाऱ्याकडे थांबू नका. आणि 'नकळत दारू सोडवा' या जाहिरातींतली पावडर जेवणात कालवण्याचा विचारही नको. त्यात डायसल्फिरामसारखं काही निघालं आणि वर मुलाने दारू घेतली, तर ते जिवावर बेतू शकतं.

आता ठिकाणांकडे. ठाणे पश्चिमेचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 सालचं. 'मेंटल हॉस्पिटल'च्या फाटकातून आत जाताना कोणी बघेल, ही भीती अजूनही पालकांना घरी बसवते. ओपीडीत दाखवलं म्हणजे दाखल केलं असं नसतं, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. निदान आणि औषध यांसाठी सरकारी ओपीडी खासगीपेक्षा कमी नाही. कमी पडतो तो वेळ: मोठ्या रांगेत कुटुंबाला तासभर मिळत नाही. म्हणून औषध सरकारीत आणि कौटुंबिक समुपदेशन संस्थेत, अशी जोडी अनेक घरांना परवडते. फक्त दोन्हीकडे एकमेकांची चिठ्ठी दाखवा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था पालक-मूल या नात्यावर मराठीत काम करण्यासाठी ओळखली जाते. नवी मुंबईकरांना महापालिकेची रुग्णालयं आणि नेरूळ-कामोठ्याची मेडिकल कॉलेजं जवळ पडतात. तिथे दर वेळी वेगळा निवासी डॉक्टर समोर येऊ शकतो, त्यामुळे एकाच डॉक्टरांचा वार ठरवून घ्या.

खासगीत आधी नोंदणी विचारा. मानसोपचारतज्ज्ञाची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेची. नुसतं 'काउन्सेलर' लिहिलेल्या पाटीमागे काही आठवड्यांचा कोर्सही असू शकतो.

पोलिसांना कळेल का, हा प्रश्न दबक्या आवाजात हमखास येतो. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या, सेवन किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणातल्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देतं; उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. उलट मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

रात्री अडलं तर मानसिक आरोग्यासाठी 14416, व्यसनासाठी 14446 आणि मूल संकटात असेल तर 1098.

विम्याचं म्हणाल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा देणं बंधनकारक केलं आहे. पण बहुतेक मेडिक्लेम 24 तास दाखल झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळे ओपीडीचा खर्च खिशातूनच जातो. पॉलिसीत ओपीडीचं कलम असेल, तर पावतीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान आणि तारीख घ्यायला विसरू नका. आणि 12 सेशन्सचं पॅकेज आगाऊ भरण्याआधी मूल चौथ्याला यायचं थांबलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, की तेच तास पालकांना वापरता येतात, हे लेखी घ्या.