रोजच्या सरावाचे बूट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी धावण्यासाठी ‘आधार देणाऱ्या’ प्रकारातला एक जोड घेतला आणि जानेवारीत, काहीशा नाइलाजाने, मऊ तळाचा साधा दुसरा घेतला. आता आषाढ सरत आला आहे आणि घड्याळातल्या नोंदीनुसार पहिल्या जोडावर ६१० व दुसऱ्यावर ३६५ किलोमीटर झाले आहेत. माझे वय ४७, वजन ६१ किलो. आठवड्यातून चार दिवस मिळून पंचवीसएक किलोमीटर, किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या गतीने मी धावते. शर्यतीचा हव्यास नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना टाच दुखू नये एवढी अपेक्षा आहे. हे आधी सांगितले, कारण ज्या फोमवर माझा पाय सुखावतो तोच फोम ८५ किलोच्या माणसाखाली पार दबून जाऊ शकतो. दोन्ही जोडांची नावे मात्र मुद्दाम देत नाही. या बुटांच्या नावापुढचा आकडा साधारण दरवर्षी बदलतो, आणि आकड्याबरोबर पुष्कळदा साचा, फोम आणि जाळीही बदलते; त्यामुळे मी वापरलेला बूट तुम्हाला त्याच नावाने मिळेलच याची खात्री नाही.

खरेदीचा प्रसंग थोडक्यात सांगते. दुकानात पळण्याच्या यंत्रावर मला अनवाणी पळवले, मागून चित्रीकरण केले आणि पडद्यावर माझ्या टाचेवर एक लाल रेघ ओढून विक्रेत्या मुलाने निदान केले, “मॅडम, तुमचा पाय आत झुकतो, तुम्हाला सपोर्टवालाच लागणार.” दोन वर्षांपूर्वी नडगीच्या दुखण्याने तीन महिने घरी बसले होते, त्यामुळे रेघ पाहून मी घाबरले आणि प्रश्न न विचारता त्या कप्प्याकडे वळले. घरी आल्यावर मागच्या गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर ओला तळवा उमटवून पाहिला, तर कमान ठीकठाक दिसत होती, फार खोल नाही आणि सपाटही नाही. पाय जमिनीवर टेकल्यावर थोडा आतल्या बाजूला झुकणे हा धक्का पचवण्याच्या नैसर्गिक क्रियेचाच भाग आहे, हे मला नंतर फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितले. जुन्या बुटांची टाच बाहेरच्या कडेने झिजलेली पाहून मी उलट दिशेची शंका काढली, तीही त्यांनी खोडून काढली. टाचेवर उतरणाऱ्या बहुतेकांची झीज तिथेच होते आणि तिच्यावरून पायाची जात ठरत नाही.

आधार म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला मला बूट विकत घेतल्यानंतरचे दोन आठवडे लागले, आणि ते आधी समजले असते तर बरे झाले असते. पूर्वी अशा बुटांच्या तळात कमानीच्या बाजूला जास्त कडक फोमचा एक तुकडा बसवलेला असे. पुष्कळदा तो करड्या रंगाचा असल्याने बाहेरूनही ओळखू येई. आता कंपन्यांनी वाटा बदलल्या आहेत. ब्रूक्सच्या ॲड्रेनलिनमध्ये टाचेच्या दोन्ही बाजूंना कठड्यासारख्या कडा असतात, होकाच्या अराहीच्या आधीच्या आवृत्त्यांत कडक फोमची चौकट टाचेला वळसा घालून आतल्या बाजूने पुढे जात असे, तर ॲसिक्सने १९९३ पासून चालत आलेल्या जेल-कायानोमध्ये २०२३ च्या तिसाव्या आवृत्तीपासून जुना कडक तुकडा काढून तळ रुंद केला आणि कमानीखाली उलट अधिक मऊ, उसळता फोम घातला. ही दिशा मला अर्थपूर्ण वाटते. पायाला ढकलून सरळ करण्यापेक्षा त्याला उभे राहायला ऐसपैस जागा द्यावी, असा तो विचार आहे, आणि माझा अनुभवही त्याच बाजूने झुकतो.

कारण त्या लाल रेघेवरचा माझा विश्वास पुढे वाचनानेही उडाला. डेन्मार्कमध्ये ९२७ नवख्या धावपटूंना सारखेच साधे बूट देऊन वर्षभर पाहिले गेले, तेव्हा ज्यांचे पाय मध्यम प्रमाणात आत झुकतात त्यांना जास्त दुखापती झाल्या असे आढळले नाही. दुसरीकडे लक्झेंबर्गमध्ये ३७२ धावपटूंवर सहा महिने केलेल्या अभ्यासात, आत झुकणाऱ्या पायांना आधाराच्या बुटांचा लाभ झाला. म्हणजे आधाराचा बूट निरुपयोगी नाही, पण पाच मिनिटांच्या चित्रीकरणावरून तो कोणाच्या गळ्यात घालावा इतका हा प्रश्न सोपाही नाही. २०१५ मध्ये धावण्याच्या शास्त्राचे अभ्यासक बेनो निग आणि सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना मला सर्वांत पटली. घालताक्षणी जो बूट पायाला सुखाचा वाटतो तो निवडावा, कारण शरीर आपल्याला झेपणारी चाल स्वतःच शोधते. अर्थात दुकानातल्या गालिच्यावर सगळेच बूट सुखाचे वाटतात, ही त्यातली खरी अडचण आहे.

सुखाचा प्रश्न माझ्या बाबतीत शेवटी रुंदीपाशी येऊन ठेपला. स्त्रियांच्या बुटांचा नेहमीचा साचा अमेरिकी मोजणीत ‘बी’ रुंदीचा असतो आणि पुरुषांचा ‘डी’ रुंदीचा. आयुष्यभर चपला घालून पसरलेला माझा चवडा ‘बी’मध्ये मावत नाही; तिसऱ्या किलोमीटरनंतर करंगळी बधिर व्हायला लागते. स्त्रियांच्या साच्यातला रुंद बूट तीन दुकानांत मागितला, तिन्हीकडे “मागवावा लागेल” हेच उत्तर मिळाले. अखेर पुरुषांच्या कप्प्यातला जोड घेतला. रंग गडद निळा, त्यामुळे मुलाने “बाबांचे बूट का घातलेस?” असे विचारलेच. मापासाठी दुकानातल्या क्रमांकावर विसंबू नये, हे यातून शिकले, कारण ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय क्रमांकांत गोंधळ फार होतो. बुटाच्या जिभेच्या आत छापलेला सेंटिमीटरचा आकडा पाहावा. माझे पाऊल भिंतीला टाच टेकवून मोजले तर उजवे २४.४ आणि डावे २४.७ भरते, आणि मी २५.५ चा बूट घेतला. मोजणी संध्याकाळी केली, कारण दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले असतात आणि पळतानाही ते तसेच फुगतात. पुढे अंगठ्याभराची जागा राहिली पाहिजे, नाहीतर उतारावर नखे काळी पडतात.

पुरुषांच्या साच्यात टाच मात्र सैल पडली. त्यावर उपाय बुटातच होता. घोट्याजवळ शेवटी एक जास्तीचे भोक असते, ज्यात दुकानदार कधी लेस ओवत नाही. त्या भोकातून लेस बाहेरून आत घेऊन एक छोटा फास ठेवायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओढून घ्यायची आणि मग गाठ मारायची. टाच बुटात घट्ट बसते आणि चवड्यावरचा दाब मुळीच वाढत नाही. नऊ महिन्यांत पायाला लाभलेल्या आधारातला निम्मा वाटा मी या फासाला देईन.

आता रस्त्यांविषयी. मी पुण्यात धावते. त्यातला मोठा भाग सहकारनगरातून तळजाईच्या टेकडीवर जाण्याचा आहे; आधी काँक्रीटचा चढ, वर मुरमाची वाट, मग त्याच वाटेने उतार. बुधवारी सणस मैदानाच्या कृत्रिम धावपट्टीवर जाते आणि रविवारी विद्यापीठाच्या आवारात, जिथे झाडांखालचे डांबरी रस्ते अजून पायाला दयाळू आहेत. आधाराचा जोड टेकडीवर खरा उतरला. त्याचा तळ चवड्याशी आणि टाचेशीही रुंद आहे, त्यामुळे मुरमावर खडा पायाखाली आला तरी घोटा लचकत नाही, आणि उतारावर गुडघ्याच्या आतल्या बाजूला जी कुरकुर पूर्वी होत असे ती नोव्हेंबरनंतर झालेली नाही. ही कुरकुर बुटामुळेच थांबली असे मी शपथेवर सांगणार नाही, कारण त्याच काळात फिजिओथेरपिस्टबाईंनी मला पायरीच्या कडेवर उभे राहून एका पायाने टाच उचलण्याचा व्यायाम दिला होता आणि तो मी बऱ्यापैकी नेमाने केला.

त्याच जोडाचा दोष डिसेंबरात दिसला. पहाटे पारा दहा-बारा अंशांवर उतरला की तळाचा फोम पहिले दोन किलोमीटर लाकडासारखा लागे. बहुतेक सरावाच्या बुटांतला इव्हीए नावाच्या प्लास्टिकचा फोम थंडीत कडक होतो, हे त्यामागचे कारण. घरातून निघण्याआधी बूट गॅलरीतून आत आणून ठेवायला लागले तेव्हा फरक पडला. जानेवारीत मात्र सलग चार दिवस काँक्रीटवर धावल्यानंतर टाच पुन्हा बोलू लागली, म्हणून दुसरा जोड घेतला. साधा, उंच, अगदी मऊ तळाचा.

हा मऊ जोड घालून काँक्रीटवर पहिल्यांदा धावले तेव्हा आपण इतकी वर्षे उगाच कष्ट सोसले असे वाटले. लक्झेंबर्गच्याच आणखी एका अभ्यासात, ८४८ धावपटूंना दिसायला एकसारखे पण कडकपणात वेगळे बूट दिले असता, मऊ बुटांच्या गटात दुखापती कमी आढळल्या आणि तो लाभ हलक्या वजनाच्या लोकांना अधिक झाला. माझ्या ६१ किलोंना ते लागू पडत असावे. पण तोच जोड तळजाईच्या उतारावर नेला आणि पहिल्याच वळणावर चूक कळली. पाय गादीवर उभा असल्यासारखा डोलत होता आणि प्रत्येक पावलाला घोटा स्वतःला सावरत होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोटऱ्या नव्हे, तर घोट्याच्या बाहेरचे स्नायू दुखले. मऊपणा आणि स्थिरता एकाच तळात पूर्णपणे मिळत नाहीत; जितका फोम उंच आणि मऊ, तितका त्याचा पाया रुंद हवा, नाहीतर तो कलतो. दुकानात हे तपासण्याची माझी रीत आता साधी आहे. बूट घालून एका पायावर उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. दहा मोजेपर्यंत ज्या बुटात भिंत धरावी लागते तो मी परत ठेवते, मग त्याच्या खोक्यावर काहीही लिहिलेले असो.

फेब्रुवारीपासून दोन्ही जोड आलटून पालटून वापरते. टेकडीला आधाराचा, सपाट रस्त्याला मऊ. दोन जोड घेणे चैनीचे वाटेल, पण एकाच वेळी घेतलेले दोन जोड तितकेच जास्त दिवस टिकतात, हिशेब बदलत नाही. पायावरचा भारही रोज थोडा वेगळ्या जागी पडतो, ही त्यातली खरी मिळकत.

पावसाळ्याने दोघांचीही परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिशवीत घालून वजन केले तेव्हा आधाराचा एक बूट कोरडा २८८ ग्रॅम आणि जूनमधल्या एका भिजल्या सकाळनंतर ३७५ ग्रॅम भरला. म्हणजे प्रत्येक पावलाला जवळजवळ नव्वद ग्रॅम पाणी मी उचलत होते. वरची जाळी पाणी आत घेते तितक्याच सहज बाहेर सोडत नाही. घरी आल्यावर आतला तळवा काढून वेगळा ठेवायचा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते बदलायचे आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचे. एवढे केले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट कोरडा होतो. घाईत एकदा मी तो गीझरच्या टाकीवर ठेवला होता, तेव्हा पुढच्या टोकाशी रबर आणि फोम यांच्यातली चिकटवण बोटभर सुटली. ती चूक माझी. ओल्या पेव्हर ब्लॉकवर आणि शेवाळलेल्या पदपथावर मात्र दोन्ही बूट सारखेच अविश्वासू आहेत. मऊ जोडाच्या तळाला रबर कमी आणि उघडा फोम जास्त असल्याने तो अधिकच घसरतो.

झिजेचे म्हणाल तर आधाराच्या जोडाची टाच बाहेरच्या कडेला दोनेक मिलिमीटर गेली आहे आणि ४३० किलोमीटरच्या सुमारास उजव्या अंगठ्यावरची जाळी फाटली. विक्रेत्याने ती वॉरंटीत बसत नाही असे सांगितले, आणि नखे वेळेवर न कापण्याची माझी सवय पाहता मी वाद वाढवला नाही. तळाच्या मधल्या खाचेत मुरमाचे खडे अडकतात आणि घरच्या फरशीवर टकटक वाजतात. जुना चमचा दाराशी ठेवला आहे, त्याने ते काढते. साधारण ५०० किलोमीटरनंतर फोमची उसळी कमी झाली. बाजूने पाहिले तर फोमवर आडव्या सुरकुत्या स्थिर झालेल्या दिसतात आणि पाय काढल्यावरही त्या मिटत नाहीत. बुटांचे आयुष्य ५०० ते ८०० किलोमीटर सांगितले जाते, त्यातल्या खालच्या टोकाशी माझा जोड थकला. सवलतीत ११,५०० रुपयांना घेतला होता, म्हणजे आजपर्यंत किलोमीटरला सुमारे एकोणीस रुपये पडले.

पुढचा जोड दसऱ्याला घेईन, आणि तो पुन्हा आधाराच्याच कप्प्यातला असेल, पण आता मी रेघ पाहणार नाही, तळाची रुंदी पाहीन. सोबत जुना जोड, नेहमीचे मोजे आणि कागदावर लिहिलेले २५.५ घेऊन संध्याकाळी सहानंतर जाईन. थकलेला जोड भाजी आणायला पुष्कळ झाला. त्याच्या अंगठ्याला कोपऱ्यावरच्या चर्मकारकाकांनी आतून कॅनव्हासचे ठिगळ लावून दिले आहे, आणि त्याचे त्यांनी वीस रुपये घेतले.