नॉट इन की नॉट एक्झिस्ट्स: पोस्टग्रेस वापरणाऱ्यांसाठी

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या एका टेबलमध्ये आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा नोंदी काढताना ‘नॉट इन’ लिहावे की ‘नॉट एक्झिस्ट्स’, हा मला बरीच वर्षे केवळ आवडीचा प्रश्न वाटत असे, आणि वाचायला सोपे म्हणून मी ‘नॉट इन’च लिहीत असे.

आतल्या यादीत एक जरी नल (म्हणजे अज्ञात, न भरलेली किंमत) आला तर ‘नॉट इन’ एकही नोंद देत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच नलपायी ऑप्टिमायझरचे, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचे, हात बांधले जातात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. ‘नॉट एक्झिस्ट्स’ची सबक्वेरी (आतली क्वेरी) २००९ च्या ८.४ आवृत्तीपासून अँटी जॉइनमध्ये, म्हणजे जोडीदार न सापडलेल्याच नोंदी ठेवणाऱ्या जोडणीत, उलगडते. ‘नॉट इन’ मात्र मी वापरतो त्या १६व्या आवृत्तीतही, कॉलम ‘नॉट नल’ घोषित केलेला असला तरी, सबप्लॅन म्हणूनच, म्हणजे जोडणीत न मिसळलेली वेगळी आतली क्वेरी म्हणूनच, उरते.

माझा कौल ठरवणारी अडचण इथेच आहे. सबप्लॅनचा निकाल वर्क-मेममध्ये (एकेका कामासाठी ठरवून दिलेल्या मेमरीत) मावेल असा अंदाज असेल, तर एक्सप्लेनमध्ये, म्हणजे क्वेरीचा आराखडा दाखवणाऱ्या आदेशात, ‘हॅश्ड सबप्लॅन’ (चटकन शोधता येईल अशा कोष्टकात ठेवलेला निकाल) दिसतो आणि तो खरोखर वेगवान असतो. ही मर्यादा मुळात ४ एमबी असून १५व्या आवृत्तीपासून हॅशसाठी तिच्या दुप्पट जागा धरली जाते. अंदाज त्यापलीकडे गेला की ‘हॅश्ड’ हा शब्द गळतो, आणि बाहेरच्या प्रत्येक नोंदीसाठी आतली यादी पहिल्यापासून धुंडाळली जाते. जागा अपुरी पडली तर हॅश जॉइन (अँटी जॉइन चालवण्याची एक रीत) तुकडे करून डिस्कवर ठेवतो. हॅश्ड सबप्लॅनला ती सोय नाही.

माझ्याकडे भरणा न झालेली बिले काढणारी रात्रीची क्वेरी कित्येक महिने मिनिटभरात संपत असे. भरण्याच्या नोंदी वाढत गेल्या, एके दिवशी अ‍ॅनालाइझने टेबलाच्या आकाराची नवी आकडेवारी नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर आलो तेव्हा ती क्वेरी अजून चालूच होती. कोडमधले एक अक्षरही बदललेले नव्हते. ‘नॉट एक्झिस्ट्स’ केल्यावर ती पुन्हा मिनिटाच्या आत आली. दोन्ही कॉलम ‘नॉट नल’ असल्यामुळे निकाल तोच राहिला.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ८.०.१७ आवृत्तीपासून, कॉलम नल नसणारे असतील तर, ‘नॉट इन’चाही अँटी जॉइन होतो, त्यामुळे तिथे हा फरक कदाचित इतका जाणवणार नाही. पोस्टग्रेसमध्येही हाताने लिहिलेल्या दहा-वीस किमतींसाठी किंवा न वाढणाऱ्या मास्टर टेबलसाठी मी आजही ‘नॉट इन’ लिहितो. आतले टेबल रोज वाढणारे असेल तर मात्र जोडणीची एक अट जास्त लिहिण्याचा त्रास मला परवडतो. जुन्या क्वेऱ्या बदलायला वेळ नसेल, तर निदान खऱ्या आकाराच्या डेटावर एक्सप्लेन चालवून ‘हॅश्ड’ हा शब्द आहे का, एवढे पाहावे. माझ्या लॅपटॉपवरच्या छोट्या डेटावर तो नेहमीच दिसत असे.