सेकंडहँड रिअर-व्हील-ड्राइव्ह कूपे, दहा महिन्यांनंतर: डिफचा आवाज गेला आणि दुखणं सुरू झालं

दोन दारांची, मॅन्युअल गिअरची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी. मागे क्लच प्लेटवाला एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. डिफरन्शियल, म्हणजेच डिफ, हा इंजिनाचा जोर दोन्ही मागच्या चाकांत वाटणारा आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा; एलएसडीत एकच चाक जागच्या जागी फिरत राहू नये याची सोय असते. दहा महिन्यांत अकरा हजार किलोमीटर झाले. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांची तक्रार नाही, त्यामुळे त्यावर शाई वाया घालवत नाही. पुढचं सगळं त्या मागच्या गोळ्याबद्दल आहे.

घेताना चालवून पाहिली ती सरळ रस्त्यावर. हा माझा गाढवपणा. एलएसडीची गाडी बघायला जाल तेव्हा आधी वीसेक मिनिटं चालवून डिफ तापू द्या आणि मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग फुल कट करून हळूहळू गोल फिरवा. मला हे तिसऱ्या आठवड्यात पार्किंगमध्ये कळलं. रिव्हर्स टाकून वळवताना मागून 'गर्रर्र, टक, टक' सुरू झालं, आणि ते कानाआधी सीटमधून कमरेला जाणवलं. पहिल्या गॅरेजमध्ये गाडी न उचलताच निकाल लागला: "डिफ गेला, अख्खा बदला."

मला ते पटलं नाही. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, तेव्हा एलएसडीतल्या प्लेट्सना एकमेकींवरून घसरावं लागतं. त्या सलग न घसरता चिकटतात-सुटतात, चिकटतात-सुटतात, तोच हा गुरगुराट. याचं सर्वांत नेहमीचं कारण ऑइल. जाडपणा (७५डब्ल्यू-९०) आणि दर्जा (जीएल-५) बरोबर असला तरी बऱ्याच प्लेटवाल्या एलएसडींना ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर लागतो, म्हणजे प्लेट्स न चिकटता सलग घसराव्यात म्हणून घालायचं द्रव्य. आधीच्या मालकाच्या बिलावर नुसतं 'गिअर ऑइल' लिहिलेलं होतं.

ऑइल घरीच बदललं. आधी वरचा फिलर, म्हणजे ऑइल भरायचा बोल्ट सोडवायचा, मगच खालचा ड्रेन, ऑइल काढायचा. उलटं केलं आणि फिलर जाम निघाला, तर कोरडा डिफ घेऊन बसावं लागतं. माझा फिलर जामच होता, दोन दिवस गंज सोडवणारा स्प्रे मारल्यावर हलला. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काजळासारखा मऊ राखाडी लगदा होता. बोटांत चोळून पाहिला, खरखर लागली नाही. एवढं चालतं. धातूच्या चकत्या किंवा गिअरच्या दाताचा तुकडा निघाला असता, तर क्राउन-पिनियन, म्हणजे डिफची मुख्य गिअरजोडी, उघडण्याशिवाय इलाज नव्हता. ऑइलला मात्र करपट वास होता, आणि त्याकडे मी दुर्लक्ष केलं.

नवं ऑइल भरलं, मॉडिफायर घातला. बाटलीवर लिहिलं होतं त्याहून बराच जास्त घातला, म्हटलं बरं पडेल! मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात पंधरा फेऱ्या मारल्या, म्हणजे ऑइल प्लेट्सच्या मधे शिरतं. आवाज साफ गेला. पुढचा महिनाभर भेटेल त्याला हा किस्सा ऐकवत होतो.

मग पाऊस लागला. ओल्या वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर दिला की आतलं चाक जागच्या जागी फिरायचं, आरपीएम वर, गाडी तिथंच. साधा डिफ असाच वागतो: दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर), म्हणजे ज्याची पकड कमी त्याच्या लायकीइतकाच दोघांना. एलएसडीत अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर मधली आडवी शाफ्ट प्रेशर रिंगच्या उतारांवर चढते, रिंगा बाहेर ढकलल्या जातात, प्लेट्स दाबल्या जातात आणि पकड असलेल्या चाकाकडे जास्त जोर जातो. माझ्या प्लेट्स दाबूनही धरत नव्हत्या. म्हणजे आधी आवाज करत होता तेव्हा डिफ निदान भांडत तरी होता. मी त्याला तेल पाजून गप्प केलं होतं.

या वेळी दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली जायच्या आधी दोन्ही मागच्या टायरांच्या खाचांत खोली मोजायची पट्टी घातली. एकीकडे ८ मिलिमीटर, दुसरीकडे ३. "साहेब, तुमचा डिफ सरळ रस्त्यावरसुद्धा वळतोय," ते म्हणाले. घरी हिशेब मांडला: त्रिज्येत ५ मिलिमीटर म्हणजे परिघात ३१. दोन मीटर परिघाच्या चाकाला दर किलोमीटरमागे आठेक फेऱ्यांचा फरक. प्लेट्स सतत घासत आणि तापत होत्या. करपट वासाचं उत्तर इथं मिळालं. एका बाजूचाच टायर बदलून विकलेली गाडी होती ही.

मग खरी तपासणी. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, दोन्ही मागची चाकं स्टँडवर, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवलं, तर दुसरं आरामात उलटं फिरलं. धडधाकट प्लेटवाला डिफ इतक्या सहज फिरू देत नाही. (टॉर्सनसारख्या गिअरवाल्या एलएसडीत ही चाचणी फसवते, तिथं चाक उलटं फिरणं दोष नसतो.) नंतर एक चाक जमिनीवर, एक वर, गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या, आणि वरच्या चाकाच्या हबला टॉर्क रेंच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना. ज्या आकड्यावर चाक हललं तो सर्व्हिस मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. एक सांगून ठेवतो: एलएसडीच्या गाडीचं एकच चाक उचलून इंजिन चालू करून गिअर टाकू नका. जमिनीवरचं चाक गाडीला जॅकवरून ढकलतं.

अ‍ॅक्सिलरेटर सोडला-दिला की होणारा 'ठक' मी याच खात्यात टाकला होता. तो डिफच्या मागच्या बुशचा, म्हणजे डिफ गाडीला जोडणाऱ्या रबराचा निघाला. पहार लावून हलवल्यावर रबर फाटलेलं डोळ्यांनी दिसलं.

डिफ उघडल्यावर क्राउन-पिनियन सुरेख होते. फक्त प्लेट्स झिजून गुळगुळीत, दोन निळसर पडलेल्या. नव्या प्लेट्स रात्रभर ऑइलमध्ये भिजवून बसवल्या, शिमने (पातळ चकत्यांनी) प्रीलोड, म्हणजे प्लेट्सवरचा मुळातला दाब, जुळवला, मागे एकसारखे दोन टायर घातले, पाचशे किलोमीटरला ऑइल पुन्हा बदललं. या वेळी मॉडिफायर मोजून.

याला चार महिने झाले. ओल्या वळणात शेपूट हलकेच बाहेर सरकते आणि दोन्ही चाकं मिळून गाडी पुढे लोटतात. यासाठीच ही गाडी घेतली होती. पार्किंगमधून काढताना फुल कटवर थोडा गुरगुराट अजून येतो आणि शेजारी बसलेला माणूस दचकून माझ्याकडे बघतो. मॉडिफायरची अर्धी बाटली कपाटात पडून आहे.